तिरक्या अक्षरांची जागा

सुभाषनानांनी ‘जागा न्हाई’ म्हटलं की विषय संपला. लग्नाची पंगत असो, पिकअप असो, नाहीतर देवळापुढचा पार असो, कुठं जागा आहे आणि कुठं नाही हे ठरवायचं काम निमगाव सावा या गावात त्यांच्याकडं न मागता आलेलं होतं, आणि ते काम ते मन लावून करत. माणूस वाईट नव्हे हो. पण गेल्या हंगामात हेच दोन शब्द ते आपल्या भावजयीला, साळुबाईला बोलले, आणि साळुबाईपेक्षा तिच्या पोरीला, स्नेहलला, ते जास्त लागले.

झालं असं होतं की साळुबाईचा नवरा भगवंत गेला तेव्हा दावणीला एक वासरू होतं. भगवंतला बैलगाड्याचा नाद. साळुबाईला त्या नादाचा मनस्वी राग. पण मालक गेल्यावर वासरू वैरणीला तोंड लावेना, म्हणून ती त्याच्यापाशी जाऊन बसू लागली. बसता बसता कणकेचे गोळे करून चारू लागली, मग नदीवर पोहायला नेऊ लागली. वासराचा बैल झाला. नाव हौश्या. आणि तो बैल असा निघाला की घाटात उतरला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. घाट म्हणजे शर्यतीची चढण. जुन्नर-आंबेगावात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरचा कुणी वाचत असेल तर सांगून ठेवलेलं बरं.

आमच्याकडच्या शर्यतीत गाड्याला चार बैल लागतात आणि गाड्यावर माणूस नसतो. आता चारही बैल पळणारे, असं एका घरात क्वचितच असतं. मग चार घरं एकेक बैल देतात, गाडा जुंपतात आणि चौघांच्या नावानं एक फ्लेक्स छापतात. हौश्याच्या गाड्यात दुसरा बैल सुभाषनानांचा, म्हणजे भगवंतच्या धाकट्या भावाचा. तिसरा गेणूचा, चौथा भागूचा. दोघंही भावकीतले. फ्लेक्सवर सगळ्यात वर ‘कै. भगवंत यांच्या स्मरणार्थ’, खाली सुभाषशेठ, गेणूशेठ, भागूशेठ, त्याखाली शेठांचे भाऊ, शेठांचे पुतणे, शेठांचे मित्र. आमच्या तालुक्यात फ्लेक्सवर चढला की माणूस शेठ होतो. मग तो सकाळी गोठ्यात शेण का काढत असेना.

एवढ्या गर्दीत साळुबाई नव्हती. हौश्याला तिनं वाढवलं, पण बाजारात लोक बोट दाखवून म्हणायचे, तो बघ सुभाषशेठचा हौश्या. ती घाटात जात नसे. गाडा जिंकला की तिला सगळ्यात शेवटी कळायचं, टेम्पो दारात आल्यावर. गेल्या हंगामात हौश्या ‘घाटाचा राजा’ ठरला, ढाल मिळाली, ती सुभाषनानांच्या कपाटात गेली. त्यानंतर दोन दिवसांनी साळुबाईनं आयुष्यात पहिल्यांदा दिराकडं काहीतरी मागितलं.

“भाऊजी, फ्लेक्सवर माझं बी नाव घाला की. हौश्या माझा हाये.”

“घातलं असतं वयनी, आमची ना न्हाई,” नाना म्हणाले. “हल्ली बायांच्या नावानं बी गाडं पळत्यात. पण जागाच न्हाई. बघा तुमीच.” आणि त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो काढून तिच्यापुढं धरला.

साळुबाईनं बघितलं आणि ती भाकरी थापायला आत गेली. स्नेहल मात्र तो फोटो बघत राहिली. सुट्टीला आली होती ती. आणि खरं सांगायचं तर जागा नव्हतीच. बोट ठेवायला फट नव्हती. त्या रात्री आई जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. तिचं डोकं कधी दुखत नसे.

आता स्नेहलचं काम काय, हे गावात कुणालाच धड सांगता येत नसे. पुण्याच्या एका कंपनीत ती अक्षरं बनवायची. कॉम्प्युटरवर, मोबाइलवर, पाट्यांवर दिसतात ती अक्षरं. शेजारच्या मंगलकाकूनं एकदा विचारलंच होतं, “अगं पण अक्षरं तर आधीचीच असत्यात की. त्यात बनवायचं काय?” स्नेहलनं समजवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पण त्या दिवशी फ्लेक्सचा फोटो बघताना तिला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे. प्रश्न जागेचा आहे ना? मग जागा आपण करू.

फ्लेक्सवाले जागा कशी करतात हे तिला माहीत होतं आणि त्याची तिला चीड होती. रुंद अक्षर घ्यायचं आणि माउसनं दोन्ही बाजूंनी आत ढकलायचं. असं दाबलं की अक्षराच्या उभ्या रेघा काडीसारख्या होतात, आडव्या तशाच जाड राहतात, आणि धडधाकट ‘म’ उपाशी दिसायला लागतो. वर जोर दाखवायचा म्हणून तिरकं करायचं बटण दाबायचं. मग ‘ठ’चा गोळा लवंडतो आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराच्या डोक्यात जाते. तालुक्यातल्या अर्ध्या शेठांचे ‘ठ’ असे लवंडलेले होते, आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

स्नेहलनं पहिल्यापासून सुरुवात केली. पुण्याच्या खोलीवर नोकरी संपली की रोज थोडा वेळ, आणि सुट्टीला घरी आली की माळवदावर बसून. रेघ सगळीकडं एकाच जाडीची, बोरूनं लिहिल्यासारखी जाड-बारीक नाही, टोकाला शेपूट नाही, नक्षी नाही. कारण लांबून, धुळीतून, उन्हातून वाचता यायला हवं. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा कमी करायची, पण रेघेला हात लावायचा नाही. ‘ष’ आणि ‘ण’ सोपे गेले. ‘भ’नं रडवलं. ‘स्मरणार्थ’ या शब्दानं तर तिचा पिच्छाच पुरवला, कारण शेवटच्या ‘र्थ’वरचा रफार इतका ऐटीत वर जायचा की वरच्या ओळीच्या पायात घुसायचा. रफार बुटका केला तेव्हा ओळ शहाण्यासारखी बसली.

अरुंद अक्षरं सरळ उभी ठेवून बघितली, तर ओळ खिडकीच्या गजांसारखी दिसायला लागली. नजर एका गजावरून दुसऱ्या गजावर अडखळायची. म्हणून तिनं ती कलती केली, थोडी पुढं. किती, ते मोजून नव्हे, बघून ठरवलं. कलल्याबरोबर नजर घसरत पुढं जायला लागली. शिरोरेघ मात्र तिनं सपाट ठेवली. कितीही उभा चढ असला तरी बैलांच्या मानेवरचं जू सपाटच लागतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्या अक्षरांचं नाव तिनं ‘चढण’ ठेवलं.

अक्षर जमलं की नाही हे बघायला प्रत्येकजण काहीतरी शब्द लिहून बघतो. स्नेहल रोज एकच लिहायची, ‘साळुबाई भगवंत’. त्यात ‘ळ’ होता, उकार होता, ‘भ’ होता, अनुस्वार होता. परीक्षा बघायला तेवढं पुरे होतं, असं ती कंपनीतल्या मैत्रिणीला सांगायची.

एकदा तिनं लॅपटॉप आईपुढं धरला. साळुबाई चौथीपर्यंत शिकलेली. ओळीवरून बोट फिरवत वाचायची.

“ही समदी कुठं निघाली गं?” तिनं विचारलं.

“घाटात.”

“मग बराय,” साळुबाई म्हणाली, आणि पुन्हा ओळीवरून बोट फिरवत, “माझं नाव एवढ्याशा जागेत मावलं व्हय?”

“मावलं ना.”

साळुबाई हसली. नवरा गेल्यापासून ती अशी फार क्वचित हसायची, म्हणून स्नेहलला त्या हसण्याचं ओझंच वाटलं. एक नाव, एक फ्लेक्स. जगाच्या दृष्टीनं किरकोळ गोष्ट. पण आईनं आयुष्यात एवढंच मागितलं होतं, आणि ते मिळालं नाही तर ती पुन्हा कधी काही मागणार नाही, हे पोरीला पक्कं कळत होतं.

मंचरला हायवेच्या कडेला मोहितचं फ्लेक्सचं दुकान आहे. गाड्याचे फ्लेक्स तोच छापायचा. स्नेहलनं त्याला ‘चढण’ वापरून बघायला दिली आणि पोरगा हरखला. “ताई, यात तर अख्खी ग्रामपंचायत मावती,” म्हणाला. त्यानं ती पहिल्यांदा एका पिकअपच्या कपाळावर लावली, मग टोमॅटोच्या क्रेटवर, मग एका तालमीच्या पाटीवर. एकाचं बघून दुसऱ्यानं मागितली. पुढच्या वेळी स्नेहल बसनं गावाकडं येत होती तर राजगुरुनगर सोडल्यापासून तिला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपली अक्षरं पळताना दिसू लागली. छाती अशी भरून आली की शेजारच्या बाईला ती काहीबाही सांगत सुटली. बाईनं ऐकून घेतलं आणि तिला एक पेरू दिला.

पण तेच अक्षर तिला घोडेगावला एका वळणावर भेटलं आणि ती चरकली. दशक्रियेचा फ्लेक्स होता. एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो, शांत चेहरा, आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, चढणीत. जणू त्या बिचाऱ्याला एसटी गाठायची होती. तिनं तिथूनच मोहितला फोन लावला.

“अरे, दशक्रियेला हे नको लावू रे. हे धावायचं अक्षर आहे. माणूस गेलाय, त्याला आता कसली घाई?”

“खरंय ताई. पण नातवंडांची, पणतवंडांची समदी नावं मावत्यात ना. एक राहिलं तर भांडणं व्हत्यात.”

स्नेहलनं फोन ठेवला. घरी येईपर्यंत ती विचार करत राहिली. अक्षर आपण एका कामासाठी घडवतो, आणि लोक ते त्यातल्या एकाच गुणासाठी उचलतात. वेग कुणाला नको होता. सगळ्यांना फक्त जास्त नावं बसवायची होती. हे तिला कळलं तर होतं. कळून पुढं काय होणार, ते तिला तेव्हा सुचलं नाही. आपल्याच कामावर भाळलेल्या माणसाला असल्या गोष्टी वेळेवर सुचत नाहीत.

यंदाच्या हंगामातली मोठी शर्यत आंबेगावातल्या एका यात्रेत होती. फ्लेक्सची मांडणी स्नेहलनं स्वतः करायला घेतली. नानांनी नावं पाठवली, गेल्या वर्षीचीच. मोहितच्या दुकानात बसून तिनं एकेक नाव बसवलं. वर भगवंत. खाली सुभाषशेठ, गेणूशेठ, भागूशेठ, सगळ्यांचे ‘ठ’ ताठ, सगळ्यांची उंची सारखी. भाऊ, पुतणे, मित्र, कुणी राहिलं नाही. आणि एवढं करून खाली अख्खी एक ओळ मोकळी राहिली. स्नेहलनं त्या ओळीत लिहिलं, ‘हौश्याच्या मालकीण साळुबाई भगवंत’. मोहित म्हणाला, “भारी दिसतंय ताई.” तिनं फाइल नानांना पाठवली, नानांनी अंगठा पाठवला, आणि ती घरी आली.

“झालं आई काम,” तिनं सांगितलं. “आता तूही चल घाटात.”

साळुबाईनं ट्रंक उघडली आणि तिच्या धाकट्या बहिणीनं दिलेलं, अजून घडी न मोडलेलं हिरवं लुगडं काढून खाटेवर ठेवलं.

सकाळी दोघी घाटात पोचल्या तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. माणसांची नुसती गर्दी, पायाखाली फुफाटा. रस्त्याच्या कडेला टेम्पो लागलेले, बैल उतरवलेले, भंडाऱ्यानं पिवळे झालेले. समोर मंडपात माईकवाला गाड्यांची नावं पुकारत होता. पिपाणी वाजत होती. घाटाच्या कडेनं बांबू रोवून एकेका गाड्याचा फ्लेक्स ताणून बांधला होता. स्नेहलनं आपला लांबूनच ओळखला. बाकीच्यांतली अक्षरं दाटीवाटीनं उभी होती, आपली पुढं निघाली होती. तिनं आईचा हात धरून जवळजवळ ओढतच नेलं.

साळुबाईनं फ्लेक्सवर बोट टेकवलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. भगवंत. सुभाषशेठ. गेणूशेठ. बोट खाली खाली येत शेवटच्या ओळीवर आलं. तिथं लिहिलं होतं, ‘शुभेच्छुक : शौर्यशेठ, आदेशशेठ आणि नादखुळा ग्रुप’. आदेश म्हणजे नानांचा पोरगा. शौर्य म्हणजे नानांचा नातू. शौर्यशेठ यंदा दुसरीत गेले होते.

साळुबाईनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग बोट लुगड्याला पुसलं आणि हात खाली सोडला. स्नेहलनं मोहितला फोन केला. मोहित चाचरत म्हणाला, “नानांचाच संध्याकाळी फोन आला व्हता ताई. म्हणले खाली वयनींची ओळ हाये, तिथं पोरांची नावं टाक. मला वाटलं तुमाला इचारून सांगत असतील.”

नाना फेटा बांधून टेम्पोपाशी उभे होते, चेहऱ्यावर भंडारा, आनंदात. स्नेहल तरातरा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“नाना, जागा होती.”

“व्हती ना,” नाना खुशीत म्हणाले. “म्हणून तर पोरांची घालता आली. समदे इचारतायत, अक्षर कुणाचं? मी सांगितलं, आमच्या पोरीचं. लई नाव काढलंस बघ.”

“आईचं होतं तिथं.”

“अगं वयनी काय परकी हाये का? घरचीच हाये. दादाचं नाव वर हाये की ढळढळीत. त्यात वयनी आलीच. पोरं मात्र रुसत्यात गं. पोरांना नको का हौस?”

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती, आणि हेच स्नेहलला सोसेना. ते खोटं बोलत असते तर तिला भांडता आलं असतं. वर्षभर तिनं ‘भ’चं पोट आत घेतलं, रफार बुटका केला, केसाएवढी जागा वाचवली, आणि त्या वाचवलेल्या जागेत दुसरीतलं पोर शेठ होऊन बसलं. तिनं अजून अरुंद अक्षर केलं असतं तर अजून एक पुतण्या आला असता. जागा कमी होती म्हणून आई बाहेर नव्हती. आई बाहेर होती, आणि जागेचं नाव पुढं केलं जात होतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला तिला अख्खं वर्ष लागलं. तिला स्वतःचाच संताप आला.

साळुबाई मागं येऊन उभी होती. तिनं दिराचं सगळं ऐकलं होतं. टेम्पोच्या चाकाला हौश्याचा कासरा बांधलेला होता, तो तिनं सोडला. हौश्यानं तिच्या काखेत नाक घुसवलं.

“कुठं न्हेता वयनी?” नाना गडबडले. “बारी जवळ आली. आता जुंपायचा हाये त्याला.”

“भाऊजी,” साळुबाई म्हणाली, “हौश्या बी घरचाच हाये. घरी न्हेते.”

आणि ती खरंच चालू लागली. घाबरली होती ती, स्नेहलला दिसत होतं. पण बैल तिच्यामागं निघाला, आणि एरवी कुणाच्या वाटेला न जाणारा तो बैल मध्ये आलेल्या भागूला शिंगानं बाजूला सारून पुढं झाला. गेणू तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. तीन बैलांचा गाडा पळत नाही. एवढ्या पंचक्रोशीसमोर बारी चुकवणं म्हणजे जन्माची नाचक्की.

“वयनी, आवं थांबा,” नाना मागं धावले. फेटा सुटून गळ्यात आला. “चुकलं माझं. लिव्हतो की नाव. आत्ता लिव्हतो. ए, पेन आणा रे कुणीतरी. कोपऱ्यात लिव्ह गं स्नेहल, तुझा हात चांगला हाये.”

कुणीतरी जाड मार्कर आणून स्नेहलच्या हातात दिला. साळुबाई कासरा धरून थांबली. स्नेहल फ्लेक्सपाशी गेली. उजवीकडं खाली, नादखुळा ग्रुपच्या पुढं, बोटभर पट्टी मोकळी होती. तिनं हात टेकवला आणि सवयीनं, काही विचार न करता, पुढं कललेला अरुंद ‘सा’ काढला. मावत होतं. बरोबर मावत होतं.

“असं नको,” साळुबाई म्हणाली.

“काय झालं आई?”

“जल्मभर अंग चोरूनच बसले की गं. पंगतीत, टेम्पोत, पार तुज्या बापाच्या दहाव्याला सुदिक भिंतीला खेटून बसले, का तर माणसांना जागा व्हावी. आन आता नाव बी तसंच लिव्हतीस. वाकून, कडंला.” तिनं कासरा हाताला गुंडाळला. “बैल पळतो तवा वाकतो. मी काय पळत न्हाई. मला उभी लिव्ह. ऐसपैस.”

“अगं पण इथं जा—” स्नेहल बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. शब्द तिच्या तोंडात आला होता. नानांचाच, जसाच्या तसा.

तिनं मार्कर खाली टाकला. बांबूच्या दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स खाली घेतला आणि टेम्पोच्या सावलीत पालथा अंथरला. मागची बाजू पांढरीशुभ्र, कोरी. टेम्पोत बैलांच्या अंगाला चोळायच्या तेलाची बाटली होती, गुलालाची पिशवी होती. तिनं घमेल्यात गुलाल ओतला, त्यावर तेल सोडलं आणि हातानं कालवून घट्ट लगदा केला. चार बोटं एकत्र बुडवली. आणि लिहायला लागली. सरळ, रुंद, पोटं मोकळी सोडलेली अक्षरं. ‘सा’च्या कान्याचा दांडा तिनं खांबासारखा उभा ओढला. ‘ळु’ला हवी तेवढी जागा घेऊ दिली. ‘बा’चं पोट मोठ्ठं. ‘ई’ काढताना ती गुडघ्यावर सरकत फ्लेक्सच्या पार टोकाला गेली, आणि रफार कापता कापता दुखलेली तिची मान वर्षात पहिल्यांदा हलकी झाली. दुसऱ्या नावाला जागा उरली नाही. तिनं ठेवलीच नाही.

“दादाचं?” नाना हळूच म्हणाले.

“त्यांचं पलीकडं हाये की,” साळुबाई म्हणाली. “ढळढळीत.”

मग नानांनीच एक दोरी धरली, गेणूनं दुसरी, आणि फ्लेक्स पुन्हा बांबूंना ताणून बांधला. शेठांची बाजू रस्त्याकडं झाली आणि गुलालाची बाजू घाटाकडं, मंडपाकडं. हौश्याला साळुबाईनं स्वतः जुवाशी नेलं. त्यानं मान दिली. ती मागं सरून कडेला उभी राहिली.

माईकवाल्यानं पुढच्या बारीसाठी कागदात बघितलं, मग मान वर केली, आणि समोरची तांबडी अक्षरं बघून अडखळला. त्यानं कागद पुन्हा बघितला. एवढ्या वर्षांत इतकं मोठं नाव त्यानं घाटात पाहिलं नव्हतं, आणि त्याच्यापुढं शेठ नव्हतं.

“आता पळतोय,” तो कर्ण्यातून म्हणाला, “साळुबाई यांचा गाडा. मंडळी, कोण साळुबाई? मालकांनी हात वर करावा.”

घाटाच्या दोन्ही बाजूंची माणसं माना वळवून शोधायला लागली. गर्दी भिडलेली होती, साळुबाईच्या पुढं दोन गडी उभे होते. तिनं दोघांना हातानं बाजूला सारलं आणि पुढं येऊन, हात वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “मी.”